फणी

सावद्याच्या पॅकहाउसात हे सतरावं वर्ष.
खोक्यावरचं इंग्रजी मला अंधारातही वाचता येतं:
नेट वेट, कीप कूल, धिस साइड अप.
छापलेले शब्द कसे फणी-फणी सोडवलेले असतात,
तुरटीच्या पाण्यातून काढलेले,
मध्ये फोमचा कागद,
कुणी कुणाला घासत नाही.

लिहितेसुद्धा.
'विथ रेफरन्स टू'पासून 'थँकिंग यू'पर्यंत
एका दमात पोचते.
वाटेत तो 'द' तेवढा आडवा येतो.
कुठे लावायचा, कुठे नाही,
अजून कुणी मला पटवून दिलेलं नाही.
आमच्याकडे केळी नुसतीच केळी असतात.

पण दुपारी तीनला फोन वाजतो समुद्रापलीकडून
आणि अख्खा घड अंगावर येतो,
दांड्यासकट, चिकासकट.
कोयता कुठे घालावा कळत नाही.
पहिला शब्द ओळखेस्तोवर नऊ निघून गेलेले.
मी 'येस सर' म्हणते.
येस सर हे माझं गोणपाट,
कशावरही टाकते.
एकदा त्यानं विचारलेलं,
कंटेनरची मशीन वाटेत बंद होती का?
त्या एका येसची किंमत
शेठ दर दिवाळीला सांगतात, बोनसच्या पाकिटाबरोबर.

फैजपूरला रविवारी भंगाळे सरांचा क्लास.
सरांनी फळ्यावर चार रकाने आखले.
ऐका, बोला, वाचा, लिहा, म्हणे चारही एकदमच.
मी म्हटलं, सर, चार सुना
एकाच दिवशी उंबरा ओलांडतात का?
सर हसले. नंतर कळलं,
त्यांचीही एक अजून माहेरीच आहे:
परदेशातला नातू बोलायला लागला
की सर फोन बायकोच्या कानाला लावतात.

आणि जीभ? ती तर एकदा शाळेत जाऊन आलेली.
माय केळाला केय म्हणते, डोळ्याला डोया.
जळगावच्या कॉलेजात, पहिल्याच तासाला,
मी फळ्याला फया म्हटलं
आणि मागचे तीन बाक हसले.
मग तो ळ वर्षभर तोंडात घोळवला,
डाळीतल्या खड्यासारखा,
गिळता येईना, थुंकता येईना.
आता तीच जीभ पुन्हा पहिलीत बसवू?
व्हीला दात ओठावर टेकवा, डब्ल्यूला नको,
असं सर सांगतात.
माझे दात कळण्याच्या भाकरीला सरावलेले.

परदेशचा माल हिरवाच कापतात,
पोचेपर्यंत पिकावा म्हणून.
माझं वाक्यही हिरवंच तुटतं, घशाशी.
पिकतं ते रात्री दोनला,
भुसावळकडची मालगाडी लांबून ऐकू येते तेव्हा:
पिवळं, अख्खं, काळासकट, त्या 'द'सकट.
ऐकायला फक्त पंखा.

परवा शेचाळीस अंश होतं.
कोल्डरूमच्या दारात उभी, अर्धं अंग गार, अर्धं भाजलेलं,
आणि फोन.
तो सुटला. पुन्हा अख्खा घड.
माझा हात खोक्यावर होता,
हाताखाली छापलेलं, हँड्स सिक्स.
तिकडे फणीला हँड म्हणतात.
मी कसं कोण जाणे बोलून गेले:
सर. स्लो. वन हँड, वन हँड.

पलीकडे काहीच नाही.
वाटलं, गेली ऑर्डर.
मग हसू आलं, आणि त्या हसण्यामागे
त्याच्या घरच्या भाषेत कुणाला तरी सांगणं,
ज्यातलं मला फक्त हँड कळलं.
मग त्यानं एक शब्द ठेवला.
थांबला.
दुसरा ठेवला.

बारातले नऊ हातात आले.
तीन खाली पडले,
ते मेल करून विचारले.

संध्याकाळी चपला काढते न काढते
तोच माय म्हणाली, काय म्हने वं तो?
म्हटलं,
केयं बेस व्हते म्हने.